भंगारातले डिझेल इंजिन: आधी ओळख, मग काम

गोव्यात जुने डिझेल इंजिन भंगाराच्या अड्ड्यावर येते ते बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट कुळागरांची, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतींची. वीज पोहोचण्यापूर्वी ओहोळाचे किंवा विहिरीचे पाणी पोफळी-माडांना देण्यासाठी बसवलेली एक सिलिंडरची इंजिने विजेचा पंप आल्यावर पंपघराच्या कोपऱ्यात सरली आणि पुढे कधीतरी वजनावर विकली गेली. दुसरी वाट मालीम, कुटबण, शापोरा, खारीवाडा येथील मासेमारी ट्रॉलरांची. तिसरी मांडवी आणि जुवारी नद्यांतल्या बार्जांची. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, मध्यंतरी काही काळ सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले. या काळात खनिज वाहणाऱ्या कित्येक बार्ज नांगरून गंजत राहिल्या आणि शेवटी मोडीत निघाल्या. बार्जचे मुख्य इंजिन शेतकऱ्याच्या किंवा छोट्या कारखानदाराच्या उपयोगाचे नसते. मात्र तिच्यावरचा जनरेटर, तळाचे पाणी उपसणारा पंप आणि नांगराचा रहाट फिरवणारी लहान इंजिने पुष्कळदा चांगल्या स्थितीत सापडतात.

नवे इंजिन घेणारा आधी काम ठरवतो आणि मग त्याला साजेसे इंजिन शोधतो. भंगारातल्या इंजिनाच्या बाबतीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. ते कोणत्या गतीसाठी घडवलेले आहे, किती ताकदीचे आहे आणि आज त्यातली किती ताकद शिल्लक आहे हे आधी समजले पाहिजे, आणि काम त्यानंतर निवडले पाहिजे. हा क्रम सोडल्यामुळे चांगली इंजिने फुटलेली आणि वाईट इंजिनांवर नाहक पैसा गेलेला मी पाहिला आहे.

अड्ड्यावर उभे असताना

सर्वात आधी कागद पाहावा. ट्रॉलर किंवा बार्जवरचा माल चोरीचाही असू शकतो, म्हणून इंजिन क्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्या इंजिनावरचा ठोकलेला क्रमांक घासून काढलेला दिसतो ते कितीही स्वस्त मिळत असले तरी तिथेच सोडावे.

मग पाटी वाचावी. तिच्यावर अश्वशक्ती किंवा किलोवॅट, मिनिटाचे फेरे, इंधनाचा खप आणि बहुधा भारतीय मानकाचा क्रमांक असतो. या क्रमांकावरून वयाचा अंदाज येतो. ठरावीक गतीने चालणाऱ्या लहान डिझेल इंजिनांसाठी पूर्वी आयएस १६०१ हे मानक होते, त्यानंतर १९८१ मध्ये सर्वसाधारण कामांसाठी आयएस १०००१ आणि १९८५ मध्ये शेतीच्या इंजिनांसाठी आयएस १११७० आले. म्हणजे पाटीवर १६०१ असेल तर इंजिन बहुधा चार दशकांहून जुने आहे. अश्वशक्ती आणि किलोवॅट यांचा मेळ सोपा आहे: ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट, ७ म्हणजे ५.२ आणि १० म्हणजे ७.४.

पाटीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिचे रिबिट पाहावेत. बाकी सारे अंग गंजलेले आणि रिबिट मात्र चकचकीत असतील तर पाटी दुसरीकडून आलेली असू शकते. काही वर्षांपूर्वी मी १५०० फेऱ्यांची पाटी असलेले एक इंजिन मोठ्या हौसेने घरी आणले. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उघडून माप घेतल्यावर ध्यानात आले की पाटी एकाची आणि धड दुसऱ्याचे होते. हे धड कमी फेऱ्यांच्या इंजिनाचे निघाले. पाटीप्रमाणे चालवले असते तर काय झाले असते, ते फ्लायव्हीलविषयी, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाविषयी, पुढे लिहिले आहे त्यावरून कळेल.

पाटीविना ओळख

आपल्याकडे सापडणारी बहुतेक लहान इंजिने दोन घराण्यांपैकी एकातली असतात. पहिले घराणे लिस्टरचे. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याने १९३० च्या सुमारास बाजारात आणलेल्या संथ इंजिनाच्या प्रतिकृती राजकोटच्या कारखान्यांनी अनेक दशके काढल्या. दोन बाजूंना आऱ्यांची दोन मोठी चाके, खाली पेटीसारखे धड, त्यावर वेगळा बोल्टने बसवलेला सिलिंडरचा ठोकळा आणि धकधक मोजता येईल इतकी संथ चाल ही त्याची खूण आहे. सहा अश्वशक्तीच्या मूळ इंजिनाचा सिलिंडर साडेचार इंच व्यासाचा, धाव (पिस्टनची वर-खाली चाल) साडेपाच इंचांची आणि गती मिनिटाला ६५० फेऱ्यांची असते. मूळ इंजिनाच्या हेडवर एका बाजूला कॉम्प्रेशन कमी-जास्त करणारे छोटे हातचाक असते. पुष्कळ प्रतिकृतींत ते गाळलेले आढळते.

दुसरे घराणे पेटर पद्धतीच्या, बंद धडाच्या, उभ्या आणि १५०० फेऱ्यांच्या इंजिनांचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली आणि तिची एव्ही-१ व टीव्ही-१ ही पाण्याने थंड होणारी इंजिने पश्चिम भारतात इतकी पसरली की कोणत्याही गावात त्यांचा सुटा भाग ओळखणारा माणूस भेटतो. एव्ही-१ चा सिलिंडर ८० मिलिमीटरचा, टीव्ही-१ चा ८७.५ मिलिमीटरचा आणि दोघांची धाव ११० मिलिमीटरची आहे. याशिवाय १९६१ पूर्वी गोव्यात युरोपीय माल थेट उतरत असल्यामुळे एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरामागे अस्सल इंग्लिश किंवा जर्मन इंजिन निघणे अशक्य नाही. असे इंजिन सापडले तर ते कामाला जुंपण्याऐवजी दुरुस्त करून जपावे असे माझे मत आहे, कारण त्याचा एक भाग तुटला तर दुसरा मिळत नाही.

घराणे ओळखले तरी माप घ्यावेच. उघड्या धडात सिलिंडरचा व्यास कॅलिपरने मोजता येतो. हेड न काढता धाव मोजायची असेल तर नोझल (डिझेलचा फवारा सोडणारे तोंड) काढून त्या भोकातून मऊ तार पिस्टनवर टेकवावी आणि चाक हाताने हळू फिरवून तारेची सर्वात वरची व सर्वात खालची जागा खुणावावी. या दोन खुणांमधले अंतर म्हणजे धाव. ही युक्ती नोझल वरून सरळ बसवलेले असेल तेव्हाच चालते, लिस्टर जातीत नोझल आडवे असल्याने तेथे हेड काढावेच लागते. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले धाव हे सारे सेंटिमीटरमध्ये केले की घनफळ घनसेंटिमीटरमध्ये मिळते. एव्ही-१ चे ५५३ आणि लिस्टरचे सुमारे १४३३ येते.

या घनफळावरून ताकदीचा अंदाज करण्यासाठी मी एक ठोकताळा वापरतो. घनफळ लिटरमध्ये घ्यावे, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि १६० ने भागावे. एव्ही-१ ला ५.२, लिस्टरला ५.८ आणि टीव्ही-१ ला ६.२ अश्वशक्ती येते. शेवटचा आकडा कंपनीने दिलेल्या ७ पेक्षा कमी आहे, पण झिजलेल्या इंजिनाकडून कमीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे. टर्बो नसलेल्या चार स्ट्रोकच्या जुन्या इंजिनांपुरताच हा हिशेब धरावा.

आणखी एक खूण पान्याला कळते. लिस्टर घराण्याचे बोल्ट बहुधा इंची व्हिटवर्थ आट्यांचे, ५५ अंशांच्या कोनाचे असतात, तर मेट्रिक आटे ६० अंशांचे असतात. इंची भोकात मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो. तेव्हा जोर लावला की ओतीव लोखंडातले आटे कायमचे जातात, म्हणून प्रत्येक बोल्ट मूळ भोकाशी बांधून ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी.

खाऱ्या पाण्याचा डाग

ट्रॉलर किंवा बार्जवरून आलेल्या इंजिनात समुद्राचे पाणी थेट फिरत होते की गोडे पाणी वेगळ्या कूलरमधून थंड होत होते, हे पाहणे गोव्यात सर्वात महत्त्वाचे आहे. पाण्याच्या वाटेवर जस्ताची कांडी बसवलेला प्लग असणे आणि धूर जाण्याच्या नळीभोवतीही पाण्याचे कवच असणे या बोटीवरच्या इंजिनाच्या खुणा आहेत. पाण्याच्या कवचाची झाकणे काढून आत बोट फिरवावे. पांढरट खार आणि पापुद्र्यांनी सुटणारा गंज निघाला तर लायनरची (सिलिंडरच्या आतल्या बदलता येणाऱ्या नळकांड्याची) बाहेरची बाजू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. मिठाने लायनरला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते आरपार गेले की पाणी तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. लायनर बदलता येतो, पण ओतीव धडच खाल्लेले असेल तर ते इंजिन सुट्या भागांसाठीच घ्यावे.

फ्लायव्हील

लोक पिस्टनची चिंता करतात आणि चाकाकडे पाहतही नाहीत. जुन्या इंजिनात जीव घेण्याची शक्ती मात्र चाकातच असते. आऱ्यांच्या ओतीव लोखंडी चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २७ मीटरच्या पुढे नेऊ नये असा जुना संकेत आहे. ६१ सेंटिमीटर व्यासाचे लिस्टरचे चाक ६५० फेऱ्यांना सुमारे २१ मीटरने पळते, ८५० फेऱ्यांना मर्यादेवर येते आणि १००० फेऱ्यांना ३२ मीटरवर जाते. धातूवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ६५० वरून १००० फेऱ्यांवर नेलेल्या चाकावरचा ताण सव्वादोन पटींहून अधिक होतो. पंप थोडे जास्त पाणी देईल या लोभाने गती आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ओढून बांधणाऱ्याला हे ठाऊक नसते.

तडा शोधण्याची पद्धत स्वस्त आहे. चाक घासून स्वच्छ करावे, आऱ्यांच्या मुळाशी आणि चावीच्या खाचेभोवती रॉकेल लावून ते मुरू द्यावे, मग कोरडे पुसून खडूची पूड फासावी. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूतून ओलसर रेघ होऊन वर येते. तडा गेलेल्या ओतीव चाकाला वेल्डिंग करून ते पुन्हा फिरवू नये, त्याची जागा भंगारातच. चाक शाफ्टवर धरून ठेवणारी चावी सैल असेल, किंवा तिच्याखाली पत्र्याचा तुकडा ठोकलेला दिसला, तर नवी चावी लेथवाल्याकडून घासून बसवून घ्यावी. प्रत्येक ठोक्याला कटकट असा आवाज येत असेल तर बेअरिंगच्या आधी या चावीचा संशय घ्यावा.

जाम झालेले इंजिन सोडवणे

गोव्यातल्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर पडलेले इंजिन जाम झालेलेच मिळते. ते तोट्याचेच लक्षण आहे असे नाही, कारण जाम इंजिनाची किंमत पाडून मागता येते आणि पुष्कळदा फक्त पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात. घाई मात्र करू नये. तळाच्या चेंबरातले पाणी आणि गाळ आधी काढावा. नोझल काढून सिलिंडरमध्ये निम्मे डिझेल आणि निम्मे पातळ गिअर तेल ओतावे, भोकाला चिंधीचा बोळा द्यावा आणि आठवडाभर, गरज पडल्यास पंधरा दिवस तसेच ठेवावे. दरम्यान व्हॉल्व्ह मोकळे आहेत का ते पाहावे. रॉकर आर्म सोडून व्हॉल्व्हची दांडी लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकली की ती खाली जाऊन स्प्रिंगने परत आली पाहिजे.

नंतर चाकाला लांब पहार लावून एकदा पुढे आणि एकदा मागे, असा थोडा थोडा झोका द्यावा. केसभर हालले की ते काम झाले असे समजून पुन्हा तेल टाकावे. पिस्टनवर घण घालणे, चाकाच्या आऱ्यावर हातोडा मारणे आणि गाडीला दोर बांधून ओढणे हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत, आणि तिन्हींचा शेवट वाकलेल्या कनेक्टिंग रॉडमध्ये किंवा तुटलेल्या आऱ्यात झाला. पंधरा दिवसांत हालले नाही तर हेड काढावे आणि खालून कनेक्टिंग रॉड सोडून लाकडी ठोकळ्याने पिस्टन वर काढावा.

हेड उघडताना जुन्या पॅकिंगची काळजी घ्यावी. त्या काळच्या पॅकिंगमध्ये आणि एक्झॉस्टवरच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते कोरडे खरवडू नये, ग्राइंडर तर मुळीच लावू नये. पाण्याने भिजवून, तोंडाला मास्क लावून, ओलेच उचलून पिशवीत बंद करावे.

पुढील झीज पाहणे हे अनुभवाचे काम आहे आणि इथे एखादा जुना मेस्त्री दिवसभरासाठी बोलावणे हाच उत्तम खर्च. लायनरच्या वरच्या टोकाला नखाला अडणारी पायरी असेल तर रिंगांबरोबर लायनरही बदलावा लागतो. तळातल्या तेलात चंदेरी कण चमकत असतील तर बेअरिंगचा पांढरा धातू सुटू लागला आहे. पिस्टन आणि हेड यांमधले अंतर शिशाची तार ठेवून, हेड आवळून, चाक फिरवून आणि चपटलेली तार मोजून काढतात. हे अंतर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावे, पॅकिंगची जाडी बदलली की ते बदलते.

डिझेलची वाट आणि टायमिंग

टाकी, गाळणी आणि नळ्या यांत नवे डिझेल घालण्यापूर्वी त्या पूर्ण धुवाव्यात. नोझल हातपंपाच्या तपासणी यंत्रावर लावून पाहावे. चांगले नोझल चिरचिर आवाज करत धुक्यासारखा फवारा सोडते, तर खराब नोझल धार सोडते आणि टोकाशी थेंब धरते. एव्ही-टीव्ही जातीत हा फवारा सुमारे २०० बारच्या दाबाने सुटतो, म्हणून त्याच्यासमोर हात धरू नये. इतक्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि वरून किरकोळ दिसणारी ती जखम शस्त्रक्रियेपर्यंत नेते.

टायमिंग, म्हणजे डिझेल सुटण्याची वेळ, जुळवण्याला फार गूढ समजले जाते, पण ते दोऱ्याने होते. टीव्ही-१ मध्ये डिझेल पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या २३ अंश आधी सुटते. चाकाचा घेर दोऱ्याने मोजावा, त्याला २३ ने गुणून ३६० ने भागावे. घेर समजा १५० सेंटिमीटर असेल तर ९.६ सेंटिमीटर येतात. वरच्या टोकाच्या खुणेच्या तितके आधी खडूची रेघ काढावी. मग डिझेल पंपाची वरची नळी सोडून चाक कामाच्या दिशेने हळू फिरवावे, आणि पंपाच्या तोंडाशी डिझेलचा फुगवटा ज्या क्षणी हालू लागतो त्या क्षणी ही रेघ धडावरच्या स्थिर खुणेसमोर आली पाहिजे. आगे-मागे असेल तर पंपाखालच्या पातळ पत्र्या कमी-जास्त करून जुळवावे. दुसऱ्या जातीच्या इंजिनाला २३ हा आकडा लावू नये, त्याचा स्वतःचा आकडा पाटीवर, चाकावर किंवा पुस्तकात शोधावा.

पहिल्यांदा सुरू करताना

त्या दिवशी सर्वात मोठा धोका असतो तो इंजिन हाताबाहेर पळण्याचा. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) गंजाने पूर्ण उघड्या स्थितीत अडकलेला असेल, किंवा झिजलेल्या रिंगांवरून तळाचे तेलच जळू लागले, तर गव्हर्नर काही करू शकत नाही. अशा वेळी डिझेलचा कॉक बंद करूनही ते ताबडतोब थांबत नाही. म्हणून हँडल मारण्यापूर्वी रॅक बोटाने सहज सरकतो आणि स्टॉपच्या खटक्याने पूर्ण बंद होतो हे पाहावे, एअर फिल्टर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी हाताशी ठेवावी. पळालेले इंजिन हवा बंद करूनच खात्रीने थांबते. तिथे हाताचा पंजा किंवा चिंधी लावू नये, दोन्ही आत ओढले जातात. चाकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

हँडल धरताना अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा भोवती गुंडाळू नये. उलटा झटका बसला तर हँडल हातातून निसटले पाहिजे. डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका उचलून चाकाला चांगली गती आली की तो सोडावा. पाच-दहा मिनिटांनी थांबवून बेअरिंगचे झाकण हाताने चाचपावे. पहिल्या २५ तासांनंतर तेल बदलावे आणि पुढे दर शंभर तासांनी. गाळणी नसलेल्या, तेल उडवून वंगण देणाऱ्या इंजिनांना साधे एसएई ३० किंवा ४० तेल पुरते. काढलेले काळे तेल ओहोळात किंवा पोफळीच्या बुंध्याशी ओतू नये, ते घातक कचऱ्यात मोडते. अधिकृतपणे तेल गोळा करणाऱ्याकडे ते द्यावे.

काम निवडणे

डिझेल इंजिनाला रिकामे बसणे मानवत नाही. निम्म्याहून कमी भारावर ते तासन्‌तास चालले तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, लायनरवर काच चढल्यासारखा गुळगुळीत थर येतो, रिंगा बसत नाहीत आणि धुराच्या नळीतून अर्धवट जळलेले काळे तेल ठिबकते. म्हणून दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर घरातले चार दिवे आणि एक फ्रीज चालवण्याची कल्पना सोडून द्यावी. ताकदीच्या साठ ते ऐंशी टक्के भार सतत देणारे काम हवे.

असे सर्वात सरळ काम म्हणजे पाणी. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाकडून चार अश्वशक्ती पंपाच्या शाफ्टवर पोहोचली, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली आणि विहिरीपासून टाकीपर्यंत एकूण चढ, नळीतल्या घर्षणासह, बारा मीटर असला, तर सेकंदाला साडेबारा लिटर म्हणजे तासाला सुमारे ४५ हजार लिटर पाणी मिळते. हे पाणी उन्हाळ्यात कुळागराला किंवा वायंगणाच्या (उन्हाळी भाताच्या) शेताला चांगले पुरते. पंप पाण्यापासून सहा मीटरहून उंच ठेवू नये, ओढण्याची मर्यादा तिथेच संपते. पंपाला लागणारी ताकद गतीच्या घनाने वाढते. गती दहा टक्के वाढवली की तेहतीस टक्के ताकद जास्त लागते, म्हणून पुलीचे माप अंदाजाने घेऊ नये.

नारळाचे तेल काढणारा घाणा, भात सडण्याची गिरण किंवा मळणी यंत्र ही कामेही पट्ट्यावर छान चालतात, आणि लिस्टर जातीचे जड चाक अशा झटक्याच्या भारासाठीच जन्मले आहे असे वाटते. घाणा चालवणारा बहुधा विचारतो की तेच खोबरेल इंजिनात का घालू नये. १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते हे खरे, पण खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते आणि सत्तरी तालुक्यातल्या जानेवारीच्या सकाळी ते नळीतच गोठून बसेल.

वीज निर्माण करायचीच असेल तर हिशेब आधी मांडावा. जुने इंजिन पूर्ण भारावर तासाला एका अश्वशक्तीमागे सुमारे २०० ग्रॅम डिझेल खाते, म्हणजे पाच अश्वशक्तीला तासाला सुमारे १.२ लिटर. पट्ट्यातली आणि अल्टरनेटरमधली घट वजा जाता हाती पावणेतीन किलोवॅट येतात, म्हणजे एका लिटरला सव्वादोन ते अडीच युनिट. सरकारी विजेशी ही स्पर्धा होऊ शकत नाही. वादळात तारा तुटून दोन-दोन दिवस वीज जाते तेव्हापुरताच याचा उपयोग आहे. चार पोलांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० फेरे लागतात. ६५० फेऱ्यांच्या इंजिनावर ६० सेंटिमीटरच्या चाकावरून पट्टा घेतला तर अल्टरनेटरची पुली २६ सेंटिमीटरची हवी, आणि पट्टा थोडा घसरतो म्हणून साडेपंचवीसची घ्यावी. घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच वीज जोडणारा) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. तो नसेल तर तुमची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून चढून खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर उठते.

बसवणूक

एक सिलिंडरचे इंजिन हादरे देतेच, ते वजनाने दाबावे लागतात. इंजिनाच्या निदान तिप्पट वजनाचा काँक्रीटचा ठोकळा ओतावा. साडेतीनशे किलोंच्या इंजिनाला १२० बाय ८० बाय ४५ सेंटिमीटरचा ठोकळा साधारण हजार किलोंचा होतो. चिऱ्यांच्या बांधकामावर इंजिन थेट बसवू नये, चिरा हादऱ्यांनी आणि तेलाने भुसभुशीत होतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, गाळात ठोकळा आणखी रुंद करावा. धुराची नळी पंपघराबाहेर काढावी, कारण बंद खोलीतला धूर वासावरून कळण्याआधी माणसाला झोपवतो. नळीच्या तोंडावर पावसासाठी उपडे घातलेले डबडे इंजिन सुरू करण्यापूर्वी काढावे, हे सांगण्याची गरज पडते. जवळ वस्ती असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा इंजिन चालवू नये. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सायलेन्सर नसलेले एक सिलिंडरचे इंजिन ती सहज ओलांडते.

थंड करण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी चूक आहे. पंपाच्या नळीतून थंड पाण्याची धार इंजिनात सोडायची आणि ती तशीच थंड बाहेर पडली की इंजिन सुखात आहे असे समजायचे, अशी ही पद्धत आहे. प्रत्यक्षात थंड सिलिंडरच्या भिंतीवर जळणातल्या गंधकाचे आम्ल साचते, लायनर झिजतो आणि डिझेल जास्त लागते. बाहेर येणारे पाणी ७० ते ८५ अंशांचे, हात ठेवता येणार नाही इतके गरम असले पाहिजे. धारेचा कॉक बारीक करून ते साधता येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोनशे लिटरचे पिंप इंजिनापेक्षा उंचावर ठेवून खालची नळी इंजिनाच्या तळाला आणि वरची नळी हेडला जोडणे. गरम पाणी आपोआप वर चढते. पिंपातली पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की हे चक्र थांबते, तेवढे रोज पाहावे.

मे अखेरीस काम संपले की पुढच्या पावसासाठी इंजिन झोपवावे. अर्धा तास भारावर चालवून गरम करावे, जुने तेल काढून नवे भरावे, पाण्याच्या कवचातले सगळे पाणी सोडावे, हवेचे आणि धुराचे तोंड ग्रीस लावलेल्या लाकडी बुचाने बंद करावे. डिझेलची टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. महिन्यातून दोनदा डीकॉम्प्रेशन उचलून चाक चार-पाच फेरे फिरवावे आणि दरवेळी ते कॉम्प्रेशनच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा जागी थांबवावे. ही जागा चाकावर लाल रंगाने एकदा खुणावून ठेवली की घरातला कोणीही ते काम करू शकतो.